फादर मातेओ रिच्ची : आधी शिष्य, मग गुरू



३ डिसेंबरला आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. १५५२ साली याच दिवशी चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियन बेटावर त्यांनी देह ठेवला. चीनमध्ये जाऊन सुवार्ता सांगण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली. त्याच वर्षी, ६ ऑक्टोबरला, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या जेमतेम दोन महिने आधी, इटलीतील माचेराता या गावी एका औषधविक्रेत्याच्या घरी एक मुलगा जन्माला आला. त्याचे नाव मातेओ रिच्ची. संत झेवियर यांना जिथे पाऊल ठेवता आले नाही त्या देशात हा मुलगा पुढे सत्तावीस वर्षे राहिला, तिथलाच झाला आणि तिथल्याच मातीत विसावला.

चीनमध्ये आजही त्यांना ली मातौ या नावाने ओळखतात. मातेओ या नावाचा चिनी जिभेवर झालेला तो उच्चार आहे. एवढ्या दूरच्या, परक्यांविषयी संशय बाळगणाऱ्या देशाने एका परदेशी धर्मगुरूला आपले म्हटले, हे कसे घडले? त्यांच्याकडे सैन्य नव्हते, संपत्ती नव्हती. दुसऱ्या माणसाच्या जागी उभे राहून जग कसे दिसते हे पाहण्याची तयारी मात्र त्यांच्याकडे होती. त्या तयारीची ही कहाणी आहे.

घर, रोम आणि गोवा

मातेओच्या वडिलांची इच्छा होती की, मुलाने कायदा शिकावा आणि मोठ्या हुद्द्यावर जावे. म्हणून १५६८ साली त्यांनी त्याला रोमला पाठवले. तीन वर्षांनी, १५७१ साली पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाला, मातेओने येशूसंघात प्रवेश केला. बातमी कळताच वडील मुलाला परत आणायला निघाले. वाटेतच त्यांना ताप भरला. ही देवाचीच इच्छा असावी असे समजून ते माघारी फिरले.

रोमच्या येशूसंघीय महाविद्यालयात मातेओ यांना ख्रिस्तोफर क्लावियस हे गुरू लाभले. आज आपण जी ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरतो ती घडवण्यात या गणितज्ञाचा मोठा वाटा होता. त्यांच्याकडून मातेओ गणित शिकले, खगोलशास्त्र शिकले, घड्याळे आणि नकाशे कसे बनवायचे तेही शिकले.

१५७८ च्या मार्च महिन्यात ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि सप्टेंबरमध्ये गोव्याला पोहोचले. त्यांच्याबरोबर आलेल्या येशूसंघीयांत रुदोल्फ आक्वाविवा हेही होते. तेच पुढे अकबर बादशहाच्या दरबारी गेले आणि १५८३ साली कुंकळ्ळीला हुतात्मा झाले. पुढच्याच वर्षी, १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. त्यांचे ख्रिस्तपुराण आपल्या मराठी मनाला किती जवळचे आहे हे वेगळे सांगायला नको. एकाच काळात गोव्याच्या एकाच भूमीवर वावरलेले हे धर्मगुरू. त्यांपैकी एकाने आपली भाषा आपली मानली, तर दुसऱ्याने चिनी भाषा.

गोव्यात मातेओ लॅटिन आणि ग्रीक शिकवत असत. १५८० साली कोची येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. याच काळातील एक गोष्ट आपण भारतीय ख्रिस्ती लोकांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोव्यातील गुरुकुलात भारतीय विद्यार्थ्यांनी युरोपियन विद्यार्थ्यांबरोबर तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकू नये, असे तेव्हा ठरवण्यात आले होते. फार शिकले तर हे लोक गर्विष्ठ होतील, मग खेड्यापाड्यांत सेवा करायला जाणार नाहीत, असे त्यामागचे कारण दिले जाई. फादर रिच्ची तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. १५८१ साली त्यांनी रोममधील आपल्या प्रमुखांना पत्र लिहून याला हरकत घेतली. शिक्षणाने गर्व येतो ही भीती तर युरोपियन विद्यार्थ्यांविषयीही बाळगता येईल, मग बंदी एकालाच का, असा त्यांचा सवाल होता. ज्या लोकांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला, त्यांनाच आपण कमी लेखू लागलो तर त्यांनी आधारासाठी कुणाकडे पाहायचे, ही खंतही त्या पत्रात होती.

ज्यांच्याविषयी निर्णय घेतला जातो त्यांना तो कसा लागतो, हा विचार तरुण रिच्चींच्या मनात आधी आला. पुढे चीनमध्ये त्यांनी जे काही केले त्याचे बीज इथे, गोव्यातच दिसते.

जीभ बदलली, कान बदलले

१५८२ साली फादर रिच्ची मकावला पोहोचले. चीनच्या किनाऱ्यावरचे हे छोटे ठाणे पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते. तिथे जो कुणी चिनी माणूस ख्रिस्ती होई, त्याला पोर्तुगीज नाव घ्यावे लागे आणि पोर्तुगिजांसारखे कपडे घालावे लागत. साहजिकच त्याचे शेजारी त्याला परका समजू लागत.

पूर्वेकडील येशूसंघीयांचे प्रमुख फादर अलेस्सांद्रो वालिन्यानो यांना ही रीत पसंत नव्हती. चिनी माणसाला पोर्तुगीज बनवण्यापेक्षा मिशनऱ्यांनीच चिनी व्हावे, आणि त्याची सुरुवात भाषेपासून करावी, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून त्यांनी आधी फादर मिकेले रुजेरी यांना आणि नंतर फादर रिच्ची यांना चिनी शिकायला बसवले. मकावमधल्या काही जणांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. या वयात हजारो अक्षरे पाठ करायची कधी आणि सुवार्ता सांगायची कधी, असे ते म्हणत.

फादर रिच्ची मात्र शाळकरी मुलासारखे अभ्यासाला बसले. चिनी भाषेत एकच शब्द वेगवेगळ्या सुरांत उच्चारला की त्याचा अर्थ बदलतो. तोंड उघडण्याआधी कान तयार करावा लागतो. वर्षानुवर्षे त्यांनी हे कष्ट घेतले. पुढे त्यांनी कन्फ्यूशियस परंपरेतील चार मूळ ग्रंथ अभ्यासले आणि ते लॅटिनमध्ये उतरवायलाही घेतले. आपल्याला काय शिकवायचे आहे हे त्यांना ठाऊक होते. पण ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून काय आहे हे कळल्याशिवाय शिकवणे सुरू करायचे नाही, अशी त्यांची पद्धत होती.

परक्याची भीती

१५८३ च्या सप्टेंबरमध्ये फादर रुजेरी आणि फादर रिच्ची यांना चाओचिंग शहरात राहण्याची परवानगी मिळाली. तिथले अधिकारी वांग पान यांनी त्यांना घरासाठी जागा दिली. दोघांनी डोके भादरून बौद्ध भिक्षूंसारखा पेहराव केला. कारण चीनमध्ये धर्माची माणसे म्हटली की भिक्षूच, असा त्यांचा समज होता.

त्यांनी घरातील वेदीवर पवित्र मरिया आणि बाळ येशूचे चित्र लावले. लोक आदराने त्यापुढे वाकू लागले. पण काही दिवसांनी लक्षात आले की, या परदेशी लोकांचा देव एक स्त्री आहे असे बाहेर बोलले जात आहे. तेव्हा त्यांनी ते चित्र काढले आणि त्या जागी तारणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र लावले. पवित्र मरियेविषयीची भक्ती त्यांनी सोडली नाही. पण पाहणाऱ्याला काय दिसते ते समजून घेऊन कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती नंतर, हे त्यांनी ठरवले.

सगळे शेजारी प्रेमाने वागत होते असे नाही. शेजारच्या मनोऱ्यावरून मुले त्यांच्या घरावर दगड मारत. एकदा नोकरांनी त्यातल्या एका मुलाला धरून आत आणले आणि थोड्याच वेळात सोडून दिले. लगेच आरोप झाला की, परदेशी लोकांनी मुलाला गुंगीचे औषध देऊन कोंडून ठेवले होते, त्याला मकावला नेऊन विकायचा त्यांचा डाव होता. प्रकरण अधिकाऱ्यापुढे गेले आणि आरोप खोटा ठरला. आरोप करणाऱ्याला फटक्यांची शिक्षा झाली. तेव्हा फादर रिच्ची गुडघे टेकून त्याच्यासाठी क्षमा मागू लागले.

हा आरोप खोटा असला तरी त्यामागची भीती पोकळ नव्हती. मकावमध्ये पोर्तुगीज लोक चिनी मुले विकत घेऊन गुलाम करत असत, हे इतिहासात नमूद आहे. परदेशी माणसाच्या घरात आपले मूल गेले म्हणजे ते परत येणार नाही, असे एखाद्या आईला वाटले तर त्यात तिचे काय चुकले? आपण कितीही चांगले असलो तरी आपल्यासारख्या दिसणाऱ्या लोकांनी केलेल्या पापांची सावली आपल्यावर पडते. ही सावली रागावून दूर होत नाही. ती दूर व्हायला वर्षे लागतात.

१५९२ साली शाओचौ येथेही असेच घडले. रात्रीच्या वेळी काही तरुणांनी त्यांच्या घरावर हल्ला केला. खिडकीतून उडी मारताना फादर रिच्चींच्या पायाला दुखापत झाली आणि ती पुढे आयुष्यभर जाणवत राहिली. हल्लेखोर पकडले गेले, तेव्हाही त्यांना सौम्य शिक्षा व्हावी म्हणून फादर रिच्चींनीच रदबदली केली.

मित्राने केलेली सुधारणा

शाओचौला फादर रिच्चींकडे छू थाईसू नावाचा एक सधन घरचा तरुण आला. हे परदेशी लोक पाऱ्याची चांदी करतात असे त्याने ऐकले होते आणि ती विद्या त्याला हवी होती. विद्या काही मिळाली नाही, पण तो गणित शिकायला राहिला आणि मित्र झाला. चिनी समाज आतून कसा आहे ते त्याने फादर रिच्चींना समजावले. भिक्षूंना सुशिक्षित समाजात फारसा मान नाही, तुमची विद्या पाहता तुम्ही विद्वानांचा पेहराव करायला हवा, असा सल्ला त्यानेच दिला.

फादर रिच्चींनी हा सल्ला मानला. वरिष्ठांची परवानगी घेऊन १५९५ साली त्यांनी भिक्षूचे कपडे सोडले, केस आणि दाढी वाढवली आणि चिनी विद्वानांसारखा रेशमी झगा घातला. बारा वर्षे ज्या वेशात काढली तो चुकीच्या समजुतीवर आधारलेला होता, हे त्यांनी एका शिष्याकडून ऐकून घेतले. गुरूने शिष्याचे ऐकणे ही सोपी गोष्ट नाही. छू थाईसू याने मात्र स्नानसंस्कार घ्यायला बरीच वर्षे लावली. १६०५ साली तो ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याने संत इग्नेशियस यांचे नाव घेतले. तोपर्यंत मैत्रीला अटी नव्हत्या.

१५९५ हेच वर्ष मोठ्या दुःखाचेही होते. नानकिंगकडे जाताना नदीत नाव उलटली आणि त्यांचा तरुण सहकारी बुडाला. फादर रिच्ची स्वतः कसेबसे वाचले. पुढे नानकिंगमध्ये त्यांना राहू दिले नाही. खचलेल्या मनाने ते नानचांगला आले आणि तिथे त्यांनी चिनी भाषेतले आपले पहिले पुस्तक लिहिले. त्याचा विषय देवही नव्हता आणि धर्मही नव्हता. विषय होता मैत्री. युरोपातील जुन्या विचारवंतांनी मैत्रीविषयी जे सांगितले, त्यातील सुमारे शंभर वचने त्यांनी चिनी वाचकांसाठी निवडली. चिनी विद्वानांना हे पुस्तक फार आवडले आणि हातोहात त्याच्या प्रती निघाल्या. कन्फ्यूशियसच्या शिकवणुकीतही मैत्रीला मोठे स्थान आहे. दोघांनाही प्रिय असलेली गोष्ट शोधून त्यांनी तिथून बोलायला सुरुवात केली होती.

नकाशा, घड्याळ आणि क्रूस

फादर रिच्चींच्या घरातील भिंतीवर जगाचा नकाशा होता. चिनी पाहुण्यांना तो पाहून धक्का बसे. आपला देश म्हणजेच बहुतेक सारे जग, असे ते मानत आले होते. या नकाशात मात्र चीन एका कडेला होता. फादर रिच्चींनी १५८४ साली चिनी भाषेत नकाशा केला. त्यात त्यांनी अशी मांडणी केली की चीन मध्याच्या जवळ आला. पृथ्वी गोल आहे, तेव्हा कुठला देश मध्ये दाखवायचा हे काढणाऱ्याच्या हातात असते. त्यात काही खोटे नव्हते. चीन किती लहान आहे हे न लपवता, पण पाहणाऱ्याचा अपमान न करता त्यांनी सत्य पुढे ठेवले. १६०२ साली ली चिचाओ या विद्वान मित्राच्या साहाय्याने त्यांनी याच नकाशाची मोठी आवृत्ती काढली. ती सहा पट्ट्यांची होती आणि जोडल्यावर माणसाच्या दुप्पट उंचीइतकी रुंद होई.

बीजिंगला जाऊन सम्राटाची परवानगी मिळवावी, अशी त्यांची कित्येक वर्षांची धडपड होती. १५९८ चा प्रयत्न फसला. १६०० साली ते पुन्हा निघाले. बरोबर भेटवस्तू होत्या : टोले देणारी घड्याळे, एक वाद्य, पवित्र चित्रे. वाटेत मा थांग नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने त्यांना अडवले आणि सामानाची झडती घेतली. त्यात लाकडात कोरलेला, रक्ताच्या रंगाने माखलेला एक क्रूस सापडला. मा थांग ओरडू लागला की, ही तर करणी आहे, सम्राटाला मारण्यासाठी केलेला जादूटोणा आहे.

आपण क्षणभर इथे थांबू या. आपल्या घरात, गळ्यात, देवळात क्रूस असतो. तो पाहून आपल्याला शांती मिळते. पण ज्याने क्रूस कधीच पाहिला नाही त्याला काय दिसेल? खिळे ठोकलेला, रक्तबंबाळ, उघडा माणूस. त्याला भय वाटणे स्वाभाविक आहे. फादर रिच्चींना हे लगेच उमगले. सैनिकांच्या गराड्यात, प्राण धोक्यात असताना, देवाच्या देहधारणेचे सारे रहस्य उलगडून सांगणे शक्य नव्हते. हे आमच्याकडील एका थोर पवित्र पुरुषाचे चित्र आहे, आमच्यासाठी त्यांनी या यातना सोसल्या, म्हणून आम्ही त्यांची आठवण अशी जपतो, इतकेच त्यांनी सांगितले. सांगायचे बरेच उरले होते. ते त्यांनी योग्य वेळेसाठी ठेवले.

२४ जानेवारी १६०१ रोजी ते बीजिंगमध्ये पोहोचले. वानली सम्राट कुणालाच सहसा भेटत नसत. फादर रिच्चींनाही ते कधी भेटले नाहीत. पण घड्याळांनी त्यांना भुरळ घातली. घड्याळाला किल्ली द्यायची, ते दुरुस्त करायचे, म्हणून येशूसंघीयांना राजवाड्यात प्रवेश मिळाला आणि राजधानीत राहायची मुभाही मिळाली.

बीजिंगचे घर

पुढची नऊ वर्षे त्यांचे घर माणसांनी भरलेले असे. शू क्वांगछी हे त्यांचे सर्वांत जवळचे मित्र. १६०३ साली नानकिंगला त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि पौल हे नाव धारण केले. बीजिंगमध्ये या दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले. फादर रिच्ची तोंडी सांगत, शू लिहून घेत, मग शब्दाशब्दावर चर्चा होई. १६०७ साली ते पुस्तक छापले गेले. भूमितीसाठी त्यांनी निवडलेला चिनी शब्द तिथल्या शाळांत आजही वापरला जातो.

१६०५ साली त्यांच्याकडे एक वेगळाच पाहुणा आला. खायफंग शहरातील आय थिएन नावाचा हा गृहस्थ चिनी होता, पण त्याचे घराणे यहुदी धर्माचे होते. एकाच देवाला मानणारे परदेशी लोक आले आहेत हे वाचून, ते आपलेच धर्मबंधू असतील या समजुतीने तो आला होता. वेदीवर पवित्र मरिया, बाळ येशू आणि बाल योहान बाप्तिस्ता यांचे चित्र होते. त्याला वाटले, ही रिबेका आणि तिची मुले याकोब व एसाव. त्याने नमस्कार केला. फादर रिच्चींना वाटले, हा चीनमधील जुन्या ख्रिस्ती लोकांपैकी असावा. बऱ्याच वेळाने दोघांच्या ध्यानात आले की, आपण एकमेकांना जे समजत होतो ते आपण नाही. दोघांच्याही मनात चांगुलपणा होता, आदर होता, तरीही दोघे चुकले होते. नुसता चांगुलपणा पुरत नाही, विचारावे लागते आणि ऐकावे लागते, हे या भेटीतून दिसते. त्यांनी विचारले, ऐकले, आणि चीनमध्ये कित्येक शतके यहुदी लोक राहतात ही गोष्ट या भेटीतून युरोपला कळली.

चिनी लोक आपल्या पूर्वजांच्या नावाच्या पाट्यांपुढे वाकत, धूप जाळत, अन्न ठेवत. ही मूर्तिपूजा आहे की आईवडिलांविषयीचे प्रेम? बाहेरून पाहणाऱ्याला पहिला अर्थ दिसे. फादर रिच्चींनी ग्रंथ वाचले, विद्वानांना विचारले, घरोघरचे विधी जवळून पाहिले. मृतांना आपण देव मानत नाही, जिवंतपणी त्यांना जो मान देत होतो तोच देत आहोत, असे लोक सांगत. यात धर्माला बाध येण्यासारखे काही नसावे, असे मत त्यांनी बनवले आणि नवख्रिस्ती लोकांना हे विधी चालू ठेवू दिले.

त्यांची सहानुभूती सर्वांना सारखी मिळाली असे मात्र म्हणता येत नाही. कन्फ्यूशियसच्या अनुयायांना समजून घ्यायला त्यांनी वर्षे दिली, पण बौद्ध आणि ताओ पंथीयांकडे त्या नजरेने पाहिले नाही. १६०३ साली प्रसिद्ध झालेल्या, देवाविषयीच्या त्यांच्या मोठ्या चिनी ग्रंथात या पंथांवर कठोर टीका आहे. बौद्ध विद्वानांनीही त्याला उत्तरे दिली. थोर माणसाच्याही समजुतीला कुठेतरी कुंपण असते. ते कुंपण कुठे आहे हे पाहणे म्हणजे त्यांचा अनादर नव्हे.

शेवट आणि पुढचा इतिहास

१६१० साली ली चिचाओ बीजिंगमध्ये गंभीर आजारी पडले. जवळ घरचे कुणी नव्हते. फादर रिच्चींनी त्यांची शुश्रूषा केली. नकाशावर काम केलेल्या या मित्राने तेव्हा स्नानसंस्कार घेतला. ते बरे झाले, पण फादर रिच्चींची प्रकृती कामाच्या आणि पाहुण्यांच्या ओझ्याखाली ढासळली. ११ मे १६१० रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांनी प्रभूच्या हाती आत्मा सोपवला. चीनमध्ये तेव्हा सुमारे अडीच हजार ख्रिस्ती होते. खुद्द सम्राटाने त्यांच्या दफनासाठी जमीन दिली. एका परदेशी धर्मगुरूच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती. ती कबर बीजिंगमध्ये आजही आहे.

पण कहाणी इथे संपत नाही. त्यांच्यामागून दुसऱ्या संघांचे मिशनरी आले. पूर्वजांना दिला जाणारा मान त्यांना मूर्तिपूजा वाटली. वाद रोमपर्यंत गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे चालला. १७०४ साली आणि पुन्हा १७१५ साली पोप अकरावे क्लेमेंट यांनी ख्रिस्ती लोकांना हे विधी करण्यास मनाई केली. १६९२ साली खांगशी सम्राटाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. या निर्णयाने ते दुखावले. आमची भाषा न जाणणारे लोक आमच्या चालीरीतींचा न्याय कसा करतात, असा त्यांचा संताप होता. १७२१ साली त्यांनी ख्रिस्ती धर्मप्रसारावर बंदी घातली. १७४२ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी विधींवरची मनाई कायम केली. सामान्य चिनी ख्रिस्ती माणूस मधल्या मध्ये सापडला. ख्रिस्ताशी निष्ठा राखायची तर आईवडिलांचा मान सोडायचा, अशी निवड त्याच्यावर लादली गेली.

अखेर १९३९ साली, पोप बारावे पायस यांच्या काळात, हे विधी म्हणजे नागरी स्वरूपाचा आदर आहे हे मान्य करून मनाई उठवण्यात आली. फादर रिच्चींच्या मृत्यूला तेव्हा ३२९ वर्षे झाली होती. २००१ साली, त्यांच्या बीजिंग प्रवेशाला चारशे वर्षे पूर्ण झाली तेव्हा, पोप दुसरे जॉन पॉल यांनी चीनमध्ये ख्रिस्तसभेच्या लोकांकडून पूर्वी घडलेल्या चुकांबद्दल क्षमा मागितली. १७ डिसेंबर २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी फादर रिच्चींचे वीरोचित सद्गुण मान्य केले आणि ते वंदनीय म्हणून घोषित झाले.

आपल्यासाठी

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी फार थोडे जण चीनला जातील. पण परका माणूस आता आपल्या गल्लीत राहतो. दूरच्या राज्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे आपल्या शेजारी आहेत. आपल्यातलेही कितीतरी जण परदेशी कामाला आहेत आणि परकेपणा काय असतो हे त्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्याचे जेवण, त्याचे सण, त्याच्या दारावरची खूण, त्याच्या बोलण्याचा सूर आपल्याला विचित्र वाटतो. आपला क्रूस मा थांगला जसा वाटला होता, तसाच.

प्रभू येशू शोमरोनी स्त्रीला विहिरीवर भेटला, तेव्हा त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितले. देण्याआधी त्याने तिच्याकडून घेतले. फादर रिच्चींनी चीनकडून आधी भाषा घेतली, नाव घेतले, पेहराव घेतला, मित्रांचा सल्ला घेतला. त्यांचा विश्वास त्यामुळे पातळ झाला नाही. उलट तो ऐकून घ्यायला लोक तयार झाले.

या आठवड्यात आपण एक छोटी गोष्ट करू शकतो. आपल्या ओळखीच्या एखाद्या परप्रांतीय किंवा परधर्मीय शेजाऱ्याला त्याच्या गावाविषयी, त्याच्या आईवडिलांविषयी विचारू या, आणि मध्ये न बोलता उत्तर ऐकू या. त्याच्या एखाद्या चालीवर आपण मनात शिक्का मारला असेल, तर तिचा अर्थ त्यालाच विचारू या. वंदनीय फादर मातेओ रिच्ची यांच्याप्रमाणे आधी शिष्य होण्याची नम्रता प्रभू आपल्या धर्मग्रामाला देवो, हीच प्रार्थना.